पन्नास घोडे आणि एक बांबू

(बोरगाव, नव्या हद्दीपलीकडे भोपाळच्या राज्यात राहिलेलं मराठी गाव, १९५७. फळांनी लगडलेला संत्र्याचा बगीचा. यशवंतराव, बायको केसरबाई आणि नागपूरला सायन्स शिकून आलेली मुलगी नलिनी.)

यशवंतराव : मोठाच घेतो! उद्या नागपूरले जातो अन् पन्नास घोड्यांचा ट्रॅक्टर सांगून येतो.

नलिनी : पन्नास कशाला, बाबा?

यशवंतराव : तुह्या मामाचा पस्तीसचा हाय.

नलिनी : मामाची काटोलला मोकळी कपाशीची जमीन आहे. मशीन जमीन बघून घ्यायचं, मामा बघून नाही.

यशवंतराव : तुहा मामा केशवराव भर पंगतीत म्हणाला, 'भाऊजी, आम्ही मुंबई राज्यात गेलो, तुम्ही राहिले भोपाळवाले.' तव्हाच ठरवलं!

केसरबाई : म्हंजे हद्द आखली दिल्लीनं, अन् कुऱ्हाड माह्या झाडांवर?

नलिनी : कसली कुऱ्हाड?

केसरबाई : मधली ओळ तोडून राहिले तुहे बाबा. परवा माणसं येतात. ट्रॅक्टर वळवाले जागा पाहिजे म्हणे. त्या ओळीले मी घागरीनं पाणी घातलं. हे तव्हा सरकारनं मालगुजारी, गावची वसुली, काढून घेतली म्हणून खाटेवर पडून होते.

यशवंतराव : एकच ओळ तं हाय! बाकी जागा भरपूर. मी सोता मोजली, अठरा फूट.

नलिनी : कुठून कुठपर्यंत?

यशवंतराव : बुडापासून बुडापर्यंत.

नलिनी : आणि फांद्या? त्यांना लावलेले टेकू?

यशवंतराव : हेच शिकवते का तुह्या कालेजात?

नलिनी : कॉलेजात करून बघायला शिकवतात. हा टेकूचा बांबू धरा. तुमच्या ट्रॅक्टरच्या रुंदीएवढाच आहे. पोटाशी आडवा. आता शिरा ओळीत.

केसरबाई : तोंडानं फटफट करा थोडं. झाडं बाजूले होतील.

यशवंतराव : हे पाहा, चाललो नं? चाललो का नाही?

नलिनी : टेकू पडला, बाबा. फांदी मोडली.

यशवंतराव : फळं उतरवल्यावर नांगरीन मंग!

नलिनी : संत्र्याची मुळं वरवरच असतात. एवढ्या वजनाखाली ती चेंगरतील. झाड दोन-तीन वर्षांनी वाळेल, तेव्हा तुम्ही पाणी कमी दिलं म्हणून पाटबंधारेवाल्यांना शिव्या द्याल.

केसरबाई : मागं या आता.

यशवंतराव : कसा येऊ? धोतर अडकलं.

केसरबाई : पन्नास घोडे हायेत नं? लावा जोर.

यशवंतराव : नले, हसू नको. सोडव.

नलिनी : सोडवते. वीस घोड्यांच्या आतला अरुंद ट्रॅक्टर येतो. ओळ न तोडता बगीच्यात फिरेल.

यशवंतराव : तेवढुसा? भाऊबीजेले केशवराव येईन. बैलापेक्षा लहान आणला म्हणून दात काढंल.

केसरबाई : काढू द्या. हसून तो त्याच्या राज्यात जाईल. झाडं आपल्या राज्यात राहतील.