फुलीची बाजू

माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे मालक; मंचावरचे पाहुणे; ज्यांच्यासाठी आज या खुर्च्या मांडल्या ते आमचे काका, त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू; आणि समोर बसलेली कारखान्यातली सगळी मंडळी, नमस्कार. मला पाच मिनिटं दिली आहेत. माझी जीभ ओळखणाऱ्यांनी आत्ताच हसून घ्या, पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

काका एकोणतीस वर्षं ॲक्रिलिक कापतायत. हातात मावेल एवढं ते गरगरणारं मशीन, आणि त्यावर त्यांचा असा हात, की बघत राहावं. मला त्यांनीच शिकवलं. "घाई केलीस की कड वितळते, आणि कापलेलं मागे पुन्हा चिकटतं. हळूहळू चारदा फिरव. मशीनचा आवाज बसला की समज, तू जोर लावतेयस." एकदा मी ॲक्रिलिकचा पत्रा टचकन फोडला, तर म्हणाले, "अगं, एवढा राग कुणाचा? सासूचा की माझा?" तेव्हा दोघांचाही होता, आज कबूल करते.

पाहुण्यांसाठी सांगते, माझं काम आखणीचं. ॲक्रिलिकवर जो कागद चिकटवलेला असतो, त्यावर मी रेघ ओढते आणि रेघेच्या एका बाजूला फुली मारते. फुली म्हणजे वाया जाणारी बाजू. मशीनचं बिट, म्हणजे कापणारं पातं, त्या बाजूनं जायचं. काका माप विचारतच नाहीत. "फुली तुझी, हात माझा," एवढंच म्हणतात.

मागच्या महिन्यात इस्पितळातल्या तान्ह्या बाळांना उबेत ठेवायच्या आठ पेट्या परत आल्या, आठवतं ना? झाकणं आखूड, फट राहत होती. मालक, तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "काकांचा हात थरथरायला लागलाय." मनात वाईट नव्हतं तुमच्या, मला माहीत आहे. काका मान खाली घालून उभे राहिले. निवृत्तीला दोन वर्षं बाकी असताना आजचा हा निरोपाचा समारंभ ठरला. भाषणं छान झाली, फुलंही छान आहेत.

मंगळवारी आमंत्रण द्यायला त्यांच्या घरी गेले. काकू दारातच हळू आवाजात म्हणाल्या, "हल्ली चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात गं. दाढी बाहेर करून घेतात. मी सुई ओवायला दिली तर म्हणाले, माझा हात गेला आता." मी चहा न पिताच निघाले. कुठल्या तोंडानं पिणार होते?

कारण त्या आठ झाकणांवरचे कागद मीच सोलले होते. आठही फुल्या उलट्या बाजूला होत्या. आखताना मी नणंदेशी फोनवर भांडत होते, बघितलंच नाही. सोलताना बघितलं. आणि कागद चुरगळून कचऱ्यात टाकले. नोकरी जाईल म्हणून घाबरले होते. थरथरत होता तो माझा हात.

नाही काका, बसा तुम्ही. आज मला बोलू द्या.

हे त्यातलंच एक झाकण, भंगारातून काढून आणलंय. मालक, जरा बोट फिरवून बघा. थरथरत्या हाताची कड नागमोडी येते. ही सुतासारखी सरळ आहे. आठही झाकणं बरोब्बर तीन मिलिमीटरनं आखूड आहेत, बिटाची जाडी तेवढीच, म्हणजे बिट रेघेच्या चुकीच्या बाजूनं गेलं. एवढे कारागीर आहोत आपण इथे, कुणी कड बघितली? आणि काका, तुम्हीसुद्धा कड बघितली नाहीत, मालकांचा चेहरा बघितलात.

मालक, सोमवारी त्यांचं टेबल रिकामं ठेवू नका, एवढंच मागते. कुणाला निरोप द्यायचाच असेल तर मी इथे उभी आहे.

मला बोलायला दिलंत, ऐकून घेतलंत, सर्वांचे आभार. काकू, बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. पेट्यांचं मात्र पोटात घालू नका, ती चूक माझी होती.

काका, तुमचा हात थरथरत नाही.