बर्फाची पेटी

रक्तपेढीच्या खिडकीशी माझ्यापुढे एक बहीणभाऊ उभे होते. भावाच्या हातात बर्फाची पेटी होती.

"मॅडम, प्लेटलेटची पिशवी यात ठेवा. दाजींचं ऑपरेशन तिच्यासाठीच खोळंबलंय."

"दादा, बर्फात ठेवलीत तर ती दाजींच्या कामाची राहणार नाही. आम्ही ती खोलीच्या उबेत, सारखी हलती ठेवतो. ते यंत्र बघा, कसं झुलतंय."

"आणि हा बर्फासाठी सगळी बाजारपेठ पालथी घालून आला."

"ताई, टोमणे नंतर मार. मी हातावर झुलवत नेतो."

"दोन पोरं झाली, पाळण्याची दोरी कधी धरली नाहीस."

"ती रडायची गं. ही गुमान आहे."

"चल, जपून. माझा सगळा संसार तुझ्या हातात आहे."

पिशवीला कोणाचा धक्का लागू नये, म्हणून मी रांगेला भिंतीशी सरकण्यास सांगितले. रांग सरकली.