मातीला

तो भांड्यांचा क्लास? सोडला मी. बीपी वाढलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, मन रमेल असं काहीतरी करा. म्हणून दर रविवारी संगमनेरला चाकावर भांडी करायला शिकायला जायचो. ओल्या मातीत हात घातला की डोकं खरंच शांत व्हायचं.

पहिल्याच दिवशी बेलापूरच्या रामदासचा फोन आला. म्हटलं, "मातीला आलोय." आता आपल्याकडं मातीला जायचं ते कुणी वारल्यावरच. तो दचकला.

"कुणाच्या रं?"

"माझ्याच!"

लई हसलो दोघं. मग दर रविवारी तेच. मी म्हणायचो, "मातीला." तो विचारायचा, "कुणाच्या?"

परवा बुधवारी सकाळीच त्याचा फोन. "मातीला ये."

म्हटलं, आज गडी आपल्यावरच उलटवतोय. हसत विचारलं, "कुणाच्या रं?"

"आईच्या."