जरासा वेग

न्युरेम्बर्गच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात हर्षाला रांगेत पुढून मराठी ऐकू आली. पुढे सासरे आणि सून उभे होते, सुनेच्या ट्रॉलीवर कॉम्प्युटर. आपल्यालाही कळतंय हे हर्षाने अजिबात दाखवलं नाही.

“बाबा, खरं सांगा. नवा मदरबोर्ड टाकलेला कॉम्प्युटर आपोआप बंद पडत नाही.”

“अगं, बुद्धिबळात मशीन फार विचार करत बसायचं. सेटिंगमध्ये जाऊन जरा स्पीड वाढवला.”

“जरा म्हणजे?”

“एकच पायरी, मैथिली. आधीच बराच वर होता. मला वाटलं, कंपनीनेच तसा दिलाय.”

“कंपनीने नाही, बाबा. सकाळी मी वाढवला. व्हिडिओ एडिट करायला.”

“मग नीलला काय सांगायचं?”

“काहीच नाही. आतला सेल काढून परत घातला की सगळी सेटिंग्ज पुसली जातात म्हणे. तो ऑफिसातून यायच्या आत घरी पोचू.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला; नवऱ्याचाच, नीलचा. तिने स्पीकर लावला.

“मैथिली, कॉम्प्युटर चालू करू नकोस हं. काल गेमसाठी मी स्पीड वाढवलाय, फार तापतोय.”

मैथिलीने सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी गंभीरपणे मान हलवली.

“तरीच बंद पडला, नील. तुझ्यामुळे बाबांना या वयात रांगेत उभं राहावं लागतंय.”