कागदाएवढा जोर

अठ्ठ्याण्णव साली सरोजिनी नगरच्या बसथांब्यावर माझ्यापुढे एक मराठी जोडपं उभं होतं. लेकीसाठी, कादंबरीसाठी, मुलगा बघून निघालं होतं.

"अहो, तासभर तो अंतराळयानाच्या त्या आयन इंजिनावरच बोलत होता!"

"अगं, संशोधक आहे. इंधन अगदी थोडं लागतं म्हणाला."

"आणि जोर?"

"तळहातावर कागद ठेवल्याएवढा. पण महिनोन्‌महिने चालतं, मग वेग प्रचंड वाढतो."

"जमिनीवरून उडतं?"

"नाही. वर न्यायला मोठं रॉकेट लागतं."

"बघा! त्यालाही सोफ्यावरून उठवायला आई लागली."

"अच्छा, मग नकार कळवू?"

"बिल्कुल कळवा! पण कादंबरी अजून का आली नाही?"

"इंजिनाबद्दल तिच्या चार शंका राहिल्यात. आपल्याला पुढे जायला सांगितलंय."