कॅमेऱ्याला शाल

नाही, पण चुकीचंच सांगत सुटलेत सगळे! तुम्हाला सांगतो, या कथेचे आजमितीला तीन पाठभेद प्रचलित आहेत. कॅमेऱ्याच्या दुकानदाराच्या पाठात मी वेंधळा, मुलीच्या पाठात मला झोप लागली, आणि शेजारच्या वहिनींच्या पाठात तर मी गच्चीवर कॅमेऱ्याशी बोलत होतो! मूळ कथा निषेधकथांच्या कुळातली. सातवी खोली उघडू नकोस, मागे वळून पाहू नकोस... जन्मभर वर्गात हेच शिकवलं, की निषेध आला की तो मोडणारच, नाहीतर कथाच होत नाही. आणि इथला निषेध कोणता? हात लावायचा नाही!

कॅमेरा हिचा. निवृत्त झाल्यावर घेतलेला. ताऱ्यांच्या रेषा टिपायचं खूळ! म्हणजे काय, तर कॅमेरा ध्रुवाकडे तोंड करून तिपाईवर ठेवायचा, अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे शेकडो फोटो आपोआप निघू द्यायचे, मग ते कंप्युटरवर एकावर एक रचायचे, की ध्रुव मधोमध टिंबासारखा आणि बाकीचे तारे त्याच्याभोवती कंकणं काढत फिरलेले. मी मदतीला गेलो की ओरडायची, "अहो, हात लावू नका! तुमचा हात म्हणजे भूकंप!" तिपाईच्या पायांसाठी गच्चीवर नेलपॉलिशचे तीन लाल ठिपके काढलेत तिनं. अजून आहेत. रात्रभराचा एक फोटो तेवढा काढायचा राहिला. तिला जाऊन आठ महिने झाले.

आणि समोरच्या इमारतीवर सहावा मजला चढतोय! सोमवारी स्लॅब, की ध्रुव कायमचा आड. अमावास्या शनिवारी. म्हणजे रात्र एकच, आणि मी नवशिका! गेलो दुकानदाराकडे.

"सोप्पंय आजोबा. स्क्रीनवर तारा मोठा करून बघायचा, भिंगाचं कडं फिरवत टाचणीच्या टोकाएवढा दिसला की कड्याला चिकटपट्टी, हलायला नको. वायर देतो, चार्जिंग संपायचं नाही. बटण दाबायचं, लांब बसायचं. हात लावायचा नाही!"

"आणि थंडी वाजली तर?"

"कोणाला?"

वायर पिशवीत टाकली आणि निघालो.

दहाला बटण दाबलं. टक्... टक्... मी खुर्चीत, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, न जाणो आपला भूकंप! एक वाजता दव पडायला लागलं. खुर्ची ओली, कठडा ओला, आणि हिचा कॅमेरा उघड्यावर एकटाच उभा... तुम्ही म्हणाल, एवढा शिकलेला माणूस, कळत नव्हतं? अहो, कळत होतं! हॉस्पिटलातही कळत होतं. शेवटच्या रात्री हिच्या पायांवरचं पांघरूण सरकलं, मी उठलो, तर नर्स म्हणाली, "आजोबा, नळ्या आहेत, हात लावायचा नाही." नाही लावला! आज्ञाधारक माणूस! पहाटेपर्यंत पाय उघडेच राहिले. तिथे निषेध मोडला नाही, आणि तरीही कथा... संपलीच की.

म्हणून उठलो. हिची शाल माझ्या खांद्यावर होती, ती पांघरली त्याला. नीट, चारी बाजूंनी खोचून. भिंगासकट! "झोप आता," असंही म्हणालो. वहिनींचा पाठ तेवढ्यापुरता प्रमाण धरा.

रविवारी मुलीनं कंप्युटरवर फोटो उघडले. "बाबा, साडेतीनशे ताऱ्यांचे... आणि पुढचे पाचशे शालीच्या आतले!" खो खो हसली. मग विचारलं, "शाल कशाला?" सांगितलं. हसू थांबलं तिचं. तेव्हापासून ती ज्याला त्याला सांगते, बाबांना झोप लागली म्हणून.

झोप कसली लागतेय! शालीच्या आत कॅमेरा उजाडेपर्यंत टक् टक् करत होता. मी शेजारी बसून होतो. पुन्हा हात लावला नाही.