तीन इंची पाइप

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा. घरातली वस्तू सापडेनाशी झाली, की पहिलं नाव कुणाचं तोंडात येतं? आपलं? — नाही ना! मग ऐका रंगनाथ सानपाचं काय झालं ते.

सिन्नरकडचा माणूस. स्वतःचा एक ट्रक, त्यावर कचरू दराडे ड्रायव्हर. अकरा वर्षं दोघांची जोडी. कांदा भरायचा, पुण्याला पोचवायचा.

एकदा ट्रकचा धुराचा पाइप गंजून फुटला. रंगनाथनं काय करावं? भंगारातून एका टेम्पोचा पाइप आणला आणि वेल्डिंग मारून बसवला. मूळचा चार इंची, हा तीन. म्हणाला, धूरच तर जायचाय — एका इंचानं काय होतंय?

महिन्याभरात डिझेल जास्त लागायला लागलं. कचरू सांगायचा, गाडी ओढत नाही, चंदनापुरीच्या घाटात काळा धूर टाकते. रंगनाथला ते पटेना. त्याच्या मनात एकच — हा डिझेल काढून विकतो! आणि एकदा असं मनात बसलं ना मंडळी, की सगळं तसंच दिसतं. कचरूनं नवी चप्पल घेतली — संशय. धाब्यावर उशीर झाला — संशय. बिचारा हसला, तरी संशय! रंगनाथनं टाकीला कुलूप लावलं. मोटारसायकल घेऊन ट्रकच्या मागे नारायणगावपर्यंत गेला. काही सापडलं नाही. तर म्हणतो कसा, चोर फार हुशार आहे.

शेवटी एका सकाळी दूध डेअरीच्या रांगेत, सगळ्यांदेखत, त्यानं कचरूला चोर म्हटलं आणि गाडीची किल्ली काढून घेतली. कचरूची बायको शेवंता किटली घेऊन त्याच रांगेत उभी होती. कचरू तसाच वळला आणि निघून गेला.

पुढच्या खेपेला रंगनाथ स्वतः बसला. टाकीची किल्ली त्याच्याच खिशात. घाटात गाडी पहिल्या गिअरवर आली, मागे गाड्यांची रांग. पुण्यात टाकी बघितली — डिझेल तेवढंच गेलेलं. आता चोर कोण? केबिनमध्ये तर हा एकटाच!

परतताना तो संगमनेरला मुनीर मिस्त्रीकडे थांबला. मिस्त्रीनं पाइपचा जोड सोडला, तसाच ट्रक एक चक्कर फिरवून आला. म्हणाला, "शेठ, एवढ्या इंजिनाला हा पाइप पुरत नाही. धूर आतच तुंबतो, ओढ जाते. मग ड्रायव्हर पाय दाबणार आणि डिझेल जळणार. हा बसवला कुणी?"



चार इंची पाइप बसवून रंगनाथ थेट कचरूच्या घरी गेला, हात जोडले. कचरूनं पाणी दिलं, बसायला सांगितलं. मग म्हणाला, "पाइप बदललात, चांगलं केलंत. पण शेवंता आता डेअरीत जात नाही. शेजारणीच्या हाती दूध पाठवते."

दुसऱ्या सकाळी रंगनाथ डेअरीच्या रांगेत उभा राहिला. म्हणाला, "चोरी झालीच नव्हती. चुकीचा पाइप मी बसवला होता. कचरूला उगाच बोललो."

कचरू कामावर परतला का? नाही. त्यानं दुसऱ्याचा ट्रक धरला. पण शेवंता डेअरीत जायला लागली.

मंडळी, नाव घेताना आपण चारचौघांत घेतो, आणि माफी मागायची तर दार लावून! इथून उठलात की आठवा — कुणाला, कुठं, किती जणांसमोर बोललात. तिथंच जा, तेवढ्यांसमोरच बोला.

काय हो, एकदम सगळ्यांच्या माना खाली का गेल्या?